नऊ नंबरची डबी

अण्णा, आधी निकाल सांगते, नाहीतर तुम्ही मला पुढचं बोलूच देणार नाही. डब्या राहिल्या! चौदाच्या चौदा. मालकांनी काल दुपारी भट्टीसमोर, सगळ्यांच्या देखत सांगितलं. आता हसा बघू. तुमचं हसू आधी मिशीत यायचं आणि मग खांद्यांत उतरायचं. ते बघायला काल मी दोनदा मान वळवली, आणि दोन्ही वेळा तिथं तुमचं रिकामं स्टूल होतं.

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. तेराव्याला शहापुरात तुमच्या घरी आले होते. काकूंनी आग्रहानं वाढलं आणि मीही लाज सोडून जेवले. लोक तुमच्याबद्दल बोलत होते, किती वर्षं नोकरी केली, कुणाच्या अडीअडचणीला धावून गेलात. ते सगळं खरं आहे, पण ते मी इथं लिहीत नाही. मला आपल्या भांडणाबद्दल लिहायचं आहे, कारण ते अर्धवट राहिलं. उचगावच्या माणसाला अर्धवट भांडण पचत नाही, हे तुम्हीच म्हणायचात.

पहिल्या दिवशीच आपलं वाजलं होतं. उद्यमबागेतल्या तुमच्या फाउंड्रीत मी माझ्या डब्या घेऊन आले, तेव्हा तुम्ही मेंटेनन्सचे फोरमन आणि मी नुकतं स्वतःचं छोटं युनिट काढलेली इंजिनिअर. तोंडात इंग्रजी शब्द जरा जास्तच. तुम्ही डबी हातात घेतलीत, उलटीपालटी केलीत आणि म्हणालात, "बाई, ह्या साबणाच्या डबीच्या भरवशावर मी माझी माणसं भट्टीसमोर हुबी करू व्हय?"

मी म्हणाले, "आत्ता कशाच्या भरवशावर उभी करता?"

तुम्ही उजवा तळवा दाखवलात. जाड, काळवंडलेला, जुन्या फोडांचे डाग असलेला. "ह्येच्या."

आणि ते खरंच होतं. लोखंड वितळवणाऱ्या त्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या नळ्या, नळ्यांतून सतत थंड पाणी. एखादी नळी आतून तुंबली, की ती तापते, तापली की फुटते, आणि पाणी वितळलेल्या लोखंडाला भेटलं की भट्टीच उडते. समोरच्या माणसाला पळायलाही सवड मिळत नाही. म्हणून तुम्ही तासातासाला पाण्याच्या पाइपांवरून हात फिरवायचात. माझ्या डब्या तेच काम करणार होत्या, पण तासातासाला नव्हे, दर पाच सेकंदांनी. वायर तिथं टिकत नाही, ठिणग्यांनी जळते, म्हणून सगळं बिनतारी. एक डबी दुसरीला सांगणार, दुसरी तिसरीला, असं करत निरोप केबिनमधल्या स्क्रीनवर. पाणी तापलं की भट्टी आपोआप बंद.

"आणि डबीच खोटं बोलली तर?" तुम्ही विचारलंत.

मी हसले. म्हणाले, "प्रत्येक निरोपाला कुलूप आहे अण्णा. गुप्त किल्ली असल्याशिवाय कुणी आत शिरू शकत नाही. शिवाय शेजारच्या डब्या एकमेकींवर लक्ष ठेवतात. शहापुरातल्या बोळात कुणाच्या घरी काय शिजतंय ते शेजारणीला कळतं की नाही, तसं."

"आमच्या बोळातल्या शेजारणी तुमाला म्हाईत न्हाईत," एवढंच म्हणालात, आणि डब्या बसवायला स्वतः शिडीवर चढलात.

आता ते सांगते जे मी आठ महिने नीट सांगितलं नाही. बसवताना सारखं सारखं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून मी चौदाही डब्यांना एकच किल्ली दिली. आणि ती विसरू नये म्हणून एका कागदावर लिहून नऊ नंबरच्या डबीच्या झाकणाला आतून चिकटवली. शेतावरच्या खोपटाची किल्ली आमच्याकडे चौकटीवर ठेवतात, तसं. कुलपाबद्दल तुम्हाला एवढं मोठं व्याख्यान देणारी मी!

पहिल्याच महिन्यात नऊ नंबरनं पाचव्या पाइपवरून एकाच शिफ्टमध्ये तीनदा भट्टी बंद पाडली. यल्लाप्पाचा लोखंडाचा रस वाटेतच थिजला. यल्लाप्पा तुमचा सगळ्यात जुना भट्टीवाला, त्यानं डोक्याचं फडकं काढून जमिनीवर आपटलं. मालक त्याच्यावर ओरडले. दरवेळी भट्टी थांबल्यावर तुम्ही पाइपवर हात ठेवलात तर पाइप कोमट. मी सांगून टाकलं, डबीचा अंदाज जरा चुकतोय, सुधारते. मी काही करायच्या आतच नऊ नंबर शहाणी झाली. बेचाळीस अंश, कधी एक्केचाळीस, कधी त्रेचाळीस. अगदी गुणी बाळ. मी म्हटलं, चला, आपोआप सुधारली. इंजिनिअरनं असं म्हणू नये.

मग खंडेनवमी आली. मी उचगावात आमच्या ट्रॅक्टरला हार घालत होते आणि इकडं तुम्ही लोकांनी माझ्या चौदाही डब्या पाइपांवरून सोडवल्यात, फडक्यानं लख्ख पुसल्यात, भट्टीसमोर फळीवर ओळीनं मांडल्यात, हळदकुंकू वाहिलंत, कोहळा फोडलात आणि आरती झाल्यावर ज्याच्या हाताला जी लागली ती त्यानं जिथं जागा दिसली तिथं परत बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन. भट्टी चालू होऊन अर्धा तास झाला नाही तोवर बंद. मी स्कूटर हाणत आले. स्क्रीनवर तेरा डब्या लाल. प्रत्येक डबी शेजारणीला खोटारडी म्हणत होती. हिरवी तेवढी एकच, आपली नऊ नंबर.

कारण कळलं तेव्हा मी तुमच्यावर जे तोंड सोडलं, ते आठवलं की अजून कानशिलं तापतात. "डब्यांची पूजा कुणी करायला सांगितली होती?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "भट्टीची केली, क्रेनची केली, हातोड्याची केली. डब्यांनी काय घोडं मारलं व्हतं?"

बाहेर अर्धा वितळलेला रस, केबिनमध्ये घड्याळाकडं बघणारे मालक. मी ठरवलं, सगळ्या लाल खुणा खोट्या धरायच्या, इशारे बंद करून भट्टी चालू करायची आणि डब्या नंतर जागेवर लावायच्या. माझं बोट त्या बटणावर होतं, अण्णा. तुम्ही माझं मनगट धरलंत. माझ्या वडिलांनीही कधी असं धरलं नव्हतं.

"थांबा बाई. तेरा जणी वरडायल्यात ते बरं हाय. त्यांची जागा बदलली, त्या वरडणारच. ही एक गप का हाय?"

तुम्ही मला ओढतच टाकीपाशी नेलंत. नऊ नंबर आता थंड पाण्याच्या टाकीवर बांधलेली होती. तुम्ही माझा हात टाकीवर ठेवलात. गारगार. आणि स्क्रीनवर नऊ नंबर म्हणत होती, बेचाळीस. कालही बेचाळीस, आजही बेचाळीस.

मग तुम्ही पाचव्या पाइपकडं चालू लागलात. तिथं महिनोन्‌महिने नऊ नंबर होती. आता तिथं दोन नंबर बांधलेली, आणि ती त्रेसष्ट सांगत होती. तिचं ऐकायला कुणाला सवड नव्हती, कारण सगळ्याच ओरडत होत्या. तुम्ही हात लावलात आणि लगेच मागे घेतलात. तळव्यावरची कातडी पांढरी झाली होती.

तो पाइप उघडला तेव्हा आत बोटभर जाड क्षार साचलेला होता, आणि पाणी जायला करंगळीएवढी वाट. मी त्या दिवशी बटण दाबलं असतं तर समोर यल्लाप्पा होता, आणि त्याच्याबरोबर सात माणसं. त्या तीन हाकाही खऱ्याच होत्या. नळी तेव्हाच तुंबायला लागली होती, नि भट्टी थांबून तुम्ही हात लावेपर्यंत पाइप निवायचा. नऊ नंबर एकटी खरं बोलली होती, म्हणूनच कुणीतरी तिचं तोंड बंद केलं होतं. आतला प्रोग्रॅम बदललेला निघाला. किल्ली खरी, कुलूप शाबूत, आणि आत बसून कुणीतरी भलतंच वदवून घेत होतं.

मालकांच्या मीटिंगमध्ये मला विचारलं, किल्ली बाहेर कशी गेली? मी म्हणाले, "तपास चालू आहे." तुम्ही शेजारी बसला होता. झाकणाच्या आतला कागद मीटिंगच्या आधीच नाहीसा झाला होता, आणि तो कुणी काढला हे मला ठाऊक होतं, कारण तुमच्या शर्टाच्या खिशातून त्याचं टोक दिसत होतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. मीही तुमच्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर आपलं खरं भांडण सुरू झालं. मी प्रत्येक डबीला वेगळी किल्ली दिली, शेजारणींची साक्ष आणखी कडक केली, आणि म्हणाले, आता झालं. तुम्ही म्हणालात, न्हाई झालं. रोज पाळी बदलताना डब्यांच्या जागा बदलायच्या, त्याही चिठ्ठ्या टाकून. म्हणजे कुठली डबी कुठं जाणार हे आधी कुणालाच कळू नये, मला न्हाई, तुमाला न्हाई, चोराला तर न्हाईच.

मी म्हणाले, हा जुगाड आहे. ते देवाच्या कृपेनं झालं, पद्धत म्हणून नव्हे.

तुम्ही तुमच्या वडिलांच्या हातमागांचं सांगितलंत. साडीचा काठ बिघडू लागला की वडील दोन विणकरांना तासभर अदलाबदल करून बसवायचे. दोष माणसाबरोबर चालला तर तो माणसाचा, मागावरच राहिला तर मागाचा. "शिव्या न्हाईत, चौकशी न्हाई. निस्तं उठायचं आनी दुसरीकडं बसायचं."

"अण्णा, किल्ल्या आता वेगळ्या आहेत."

"चोराच्या हातात पडली तरी किल्ली खरीच असती की बाई."

मी आवाज चढवला. कितीतरी दुपारी आपण जेवणाचे डबे उघडून यावर भांडलो. मी भाकरीच्या तुकड्यांचं नेटवर्क मांडायची आणि तुम्ही त्यातला एक तुकडा खाऊन म्हणायचात, "ही डबी चोरीला गेली. आता सांगा." शेवटी मी मेहेरबानी केल्यासारखी मान्यता दिली, माझी पद्धत पूर्ण होईपर्यंत तुमची चालू दे. तुम्ही त्यावरही खूश. पत्र्याचा डबा आणलात, चिठ्ठ्या केल्यात आणि तीनच्या पाळीला यल्लाप्पाला शिकवायला लागलात. एकेक जागा, भिंतीवर खडूनं कुठं कोण, अगदी मन लावून.

शेवटचा फोनही त्याच भांडणाचा. मी म्हणाले, परीक्षा झाली की तुमचा पत्र्याचा डबा मी जपून कपाटात ठेवणार, वापरणार नाही. तुम्ही म्हणालात, "बघू की. उद्या बोलू." तो उद्या मला मिळाला नाही, आणि याचा मला फार राग आहे. तुमच्यावरच.

परीक्षा म्हणजे काय ते तुम्हाला माहीत होतं. माल घेणाऱ्या कंपनीनं मालकांना कळवलं होतं, ज्या डब्या एकदा फसल्या त्यांच्यावर आमचा विश्वास नाही, बाहेरचा जाणकार तपासून सांगेल, नाहीतर काढून टाका. काढल्या असत्या तर परत तळहात. आणि तुमचा तळहात तर गेला.

तो जाणकार म्हणजे पुण्याचे साहेब, तीन दिवस राहिले. चोराच्या हाती किल्ल्या पडल्यात असं धरूनच ही परीक्षा होती, म्हणून सगळ्या किल्ल्या मी स्वतः त्यांना दिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी एकेक डबी बंद खोलीत नेली आणि परत आणून बांधली. म्हणाले, यातल्या दोन मी बिघडवल्यात, ओळखा. तासाभरात माझ्या शेजारणींनी तीन नंबरला पकडलं. मी हवेत! आता दुसरी येईलच म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत स्क्रीनसमोर बसले. काही नाही. सगळं हिरवंगार. साहेब चहा पीत मंद हसत होते. दोन दिवस त्यांनी चिठ्ठ्या टाकायलाही मनाई केली होती, आधी यंत्राची पद्धत बघू म्हणाले. मला तेव्हा ते पटलं होतं.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे काल, तीनच्या पाळीला त्यांनी परवानगी दिली. यल्लाप्पानं पत्र्याचा डबा हलवला. माणसांनी डब्या सोडवल्या, चिठ्ठीप्रमाणे बांधल्या, भिंतीवर खडू फिरला. मी स्क्रीनकडं बघत होते. एकेक आकडा आपली नवी जागा सांगू लागला, पंप थंड, टाकी गार, पाचवा पाइप गरम. आणि बारा नंबर! गरम पाइपवरून थंड टाकीवर गेलेली बारा नंबर मजेत पंचेचाळीस, सेहेचाळीस, पंचेचाळीस. साहेबांनी तिच्यात तिचेच गेल्या गुरुवारचे, त्याच गरम पाइपवरचे आकडे भरून ठेवले होते. दिसायला अगदी खरे, कारण एकदा ते खरेच होते. माझ्या शेजारणी जन्मभर ओळखू शकल्या नसत्या. जागा बदलली, तरी बाई आपली गुरुवारच सांगत बसली होती.

"बारा!" मी एवढ्या जोरात ओरडले की क्रेनवाल्यानं क्रेन थांबवली. पोरांनी शिट्ट्या मारल्या, यल्लाप्पानं डबा डोक्यावर धरून गिरकी घेतली, मालक चक्क टाळ्या वाजवत होते. अण्णा, तुम्ही जिंकलात! मी हरले, आणि एवढ्या आनंदानं मी आजवर कधी हरले नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही सुचलं नाही.

साहेब वही उघडून म्हणाले, दोन्ही पद्धती मिळून पक्क्या आहेत, तसं लिहितो. फक्त एक राहिलं. गेल्या वर्षी नऊ नंबर फसली, तेव्हा किल्ली बाहेर कशी गेली?

सगळे माझ्याकडं बघू लागले. आठ महिने घोटवलेलं उत्तर जिभेवर तयार होतं. तेराव्याला काकूंनी वाढता वाढता मला सांगितलं होतं, "तुझं लई कौतुक करायचे गं. पण म्हणायचे, माझं चुकलं म्हणायला पोरीची जीभ वळत न्हाई." ते आठवलं. आणि हेही कळत होतं की खरं सांगितलं तर मालक म्हणतील, जिनं किल्ली झाकणाला चिकटवली तिच्या डब्या आम्हाला नकोत. सगळं जिंकून घालवायचं!

मी म्हणाले, "किल्ली कुणी चोरली नाही. मीच एक किल्ली सगळ्यांना दिली होती आणि कागदावर लिहून नऊ नंबरच्या झाकणात चिकटवली होती. चूक माझी. मीटिंगमध्ये मी खोटं बोलले."

मालकांनी चष्मा काढला. मग पत्र्याचा डबा खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"मग माझं बी ऐका," यल्लाप्पा म्हणाला. "नऊ नंबर मी फिरवलती. बॅटरी बदलताना कागद दिसला. मेव्हण्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान हाय, त्येच्याकडनं करून घेतलतं. तीनदा भट्टी बंद पडली, समद्यांसमोर शिव्या खाल्ल्या, डोस्कं फिरलं. मला वाटलं, डबीच येडी हाय. माझ्याच अंगावर भट्टी येणार व्हती, हे नंतर कळलं."

मालक हळूच म्हणाले, "अण्णांना माहीत होतं?"

"व्हय, म्हाईत व्हतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या पायावर डोस्कं ठेवलं. आत्ताच जाऊन सांगतो म्हणालो. त्यांनी हात धरला. म्हणाले, तू आदी बोललास तर समदं तुझ्या एकट्यावर यील. तुला काढतील आनी कागदाचं कुनी इचारनार न्हाई. आदी बाईला बोलू दे, मग तू बोल."

मी विचारलं, "आणि मी बोललेच नसते तर?"

मालक त्याच्याकडं, माझ्याकडं आणि चौदा डब्यांकडं बघत राहिले. मग चष्मा लावून साहेबांना म्हणाले, "डब्या राहतील. हे दोघंही राहतील. लिहा." नंतर तुम्ही करायचात तसं दारात उभं राहून ओरडले, "भट्टी का थांबलीय?"

माणसं पांगली. यल्लाप्पा फडकं डोक्याला गुंडाळत माझ्याजवळ आला.

"मी बी त्यांना ह्येच इचारलतं, बाई. दर महिन्याला इचारायचो, अजून बोलली न्हाई, आता काय करू? दर बारी म्हणायचे, गप थांब. ती बोलंल."

बोलले मी, अण्णा. सगळ्यांसमोर, मोठ्यानं.